पिंपातली चाल

कुरुंदवाडच्या बाजारात चिमणाबाईनं वीस वर्षं कोंबड्या कापल्या. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की बाई सुरी थांबवून एकदाच बघायची, आणि भलेभले गप्प बसायचे. मान कापली की कोंबडी पिंपात टाकायची आणि पाय झाडायचे थांबेपर्यंत दुसऱ्या कामाला लागायची. मुंडकं बाहेर पडलंय आणि पाय आत धावतायत, याचं तिला काडीचं नवल उरलं नव्हतं.

१९९७च्या हंगामात तिचा नवरा पिराजी उसाच्या ट्रॉलीवरून पाठीवर पडला आणि त्याचे पाय लुळे पडले. हा गडी आधी नरसोबाच्या वाडीलाही पायीच जायचा; सायकलवर बसणं त्याला कमीपणाचं वाटे. असा माणूस वर्षभर खाटेवर पडून आढ्याकडं बघत राहिला.

एका सकाळी चिमणाबाई त्याला उताणा करून अंग पुसत होती, तर त्याचा डावा गुडघा वर आला. मग उजवा. पुन्हा डावा. माणूस पडल्या पडल्या चालायला लागला होता. चिमणाबाईच्या हातातला तांब्या खाली पडला.

"मी न्हाय हालवत," पिराजी डोळे फाडून म्हणाला. "आपोआप हालत्यात गं. देव पावला."

ही चाल चिमणाबाईनं ओळखली होती; रोज पिंपात बघत होती ती. पण वर्षानं नवरा हसला होता. तिची जीभ उचलली नाही, आणि तिथंच तिचं चुकलं.

बातमी कळताच तासाभरात पिराजीचा तालमीतला दोस्त सयाजी चार गडी आणि हलगी घेऊन हजर झाला. हलगी कडाडली की आडवा पैलवानही उठतो, ही त्याची खात्री. पायांच्या ठेक्यावर त्यानं हलगी धरली. गड्यांनी पिराजीला फेटा बांधला, काखेत हात घालून अंगणात उभं केलं आणि सोडलं.

पिराजी जागच्या जागी कोसळला. हलगी बंद पडली. तो उताणा पडला होता, तोंड झाकून रडत होता, आणि त्याचे पाय मात्र पुन्हा चालायला लागले होते. आलेली माणसं हबकून मागं सरली.

पिराजीला गाडीत घालून शहरात नेलं, तेव्हा राजारामपुरीतल्या डॉक्टर निशांनी सगळं समजावलं. चालायचा हुकूम मेंदू देतो, पण डावा-उजवा हा ठेका पाठीच्या कण्यातल्या मज्जापेशीच धरतात, एकमेकींना विजेचे इशारे देत. वरून हुकूम आणणारी तार जवळजवळ तुटलीय. खालच्या पेशी जिवंत आहेत, म्हणून ठेका चालू आहे. गुडघे पोटाशी दुमडले की पाय थांबतील. मग हा चालणार कधी, असं चिमणाबाईनं विचारलं. आपल्या पायानं नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं.

बाहेर आल्यावर पिराजीनं विचारलं, "तुला ठावं हुतं?"

"व्हय," ती म्हणाली. "रोज पिंपात बघतो की मी."

पिराजीनं तोंड खिडकीकडं फिरवलं, ते कुरुंदवाड येईपर्यंत.

दुकान चिमणाबाईनं सोडलं नाही, सोडून खाणार काय? पण पिंप काढून टाकलं. कापलेल्या कोंबडीचे दोन्ही पाय ती मुठीत धरून उभी राहायची, ते थांबेपर्यंत. बाजार तिला येडी म्हणायला लागला.

एका दुपारी ती घरी आली तर पिराजीचे पाय चालू होते. गुडघे दुमडायला तिनं हात घातला.

"थांबवू नगंस," तो म्हणाला. "जरा चालू दे."

तिनं हात काढून घेतला आणि पाय थांबेपर्यंत खाटेशेजारी बसून राहिली.