उजव्या बाजूचं स्टिअरिंग

ती गाडी आजही माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते. लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या एका भाड्याच्या गॅरेजमध्ये लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, लांबलचक बॉनेटची, साठच्या दशकातली अमेरिकन मसल कार. रंग गर्द हिरवा, नुकताच दिलेला. इंजिन इतकं स्वच्छ की त्यावर ताट मांडून जेवावं. वाहनचोरीच्या तपासात मी तेव्हा डिटेक्टिव्ह सार्जंट होतो आणि ती जप्त करायला गेलो होतो.

खबर फोनवर आली होती. शेजारच्या गॅरेजमधल्या मेकॅनिकनं एका वयस्कर भारतीय गृहस्थांना गाडीच्या डॅशबोर्डवरची चासी नंबरची पट्टी काढताना पाहिलं होतं. खबर प्रामाणिक होती. चोरीच्या गाडीला दुसऱ्या गाडीचा नंबर लावून विकतात, त्याची सुरुवात अशीच होते. पाहणीत पट्टी हलवलेली निघाली, रिव्हेट नवे होते. शिवाय अमेरिकन गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं, ते इथं उजवीकडे आणलेलं होतं. त्यासाठी डॅशबोर्ड आणि त्यामागचा पत्रा कापून पुन्हा जोडलेला. मला प्रकरण सरळ वाटलं.

मालक साठीचे, सहा फुटांहून उंच. तरुणपणी मुंबईहून आलेले, कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. आडनावावरून मी त्यांना कोकणातले हिंदू समजलो. मी त्यांना अटक करून स्टेशनवर आणलं. टेप सुरू केला, कायदेशीर सूचना वाचून दाखवली, त्यांचा वकील शेजारी बसला. त्यांनी आधी मराठीतच विचारलं, "अहो, तुम्ही आपल्याकडचे ना?" मी इंग्रजीत उत्तर दिलं, की टेपसाठी कृपया इंग्रजीत बोला. त्यानंतर त्या चौकशीत ते मराठीत एक शब्दही बोलले नाहीत.

गाडीचा सांगाडा मँचेस्टरच्या एका भंगारवाल्याकडून घेतला, गंजलेला पत्रा बदलला, गिअरबॉक्स स्वतः उलगडून बसवला, हे सगळं त्यांनी न अडखळता सांगितलं. अडले ते एकाच प्रश्नावर. स्टिअरिंग उजवीकडे का? "मला तसं हवं होतं," एवढंच म्हणाले आणि खिडकीकडे पाहू लागले. पुन्हा पुन्हा पाहत राहिले. खिडकीकडे पाहणारा माणूस उत्तर रचत असतो असा माझा अनुभव होता. मी तशी नोंदही केली.

उलगडा थोड्या वेळानं झाला. त्यांच्या पत्नी स्टेशनच्या काउंटरवर आल्या. इतक्या ठेंगण्या की मला आधी त्यांचं कपाळच दिसलं. म्हणाल्या, "आज शुक्रवार आहे. दिवे लावायच्या आत ह्यांना घरी न्यायचंय. सोमवारी मी स्वतः परत आणून सोडते." कुटुंब बेने इस्रायली, म्हणजे कोकणातलं मराठी बोलणारं ज्यू होतं. हिवाळ्याचे दिवस, सूर्य लवकर मावळणार, आणि आमचे संशयित उत्तर रचत नव्हते, शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सूर्यास्ताला सुरू व्हायला किती वेळ उरलाय ते पाहत होते. मी त्यांना जामिनावर सोडलं, पण संशय तसाच ठेवला.

सोमवारी जप्त गाड्यांच्या आवारात मी आमच्या वाहनतपासनीसाबरोबर ती गाडी पुन्हा पाहिली. विंडस्क्रीनखालच्या पत्र्यात कोरलेला दुसरा नंबर त्यानं शोधून काढला. तो कागदपत्रांशी तंतोतंत जुळला. पट्टी केवळ डॅशबोर्ड कापण्यासाठी काढली होती. वर तो मला म्हणाला, की अशा गाडीचं स्टिअरिंग हलवलं की शौकीन तिला हात लावत नाहीत. विकायची असती तर कुणी हे केलंच नसतं. मग का केलं, हे पाहायला मी चालकाच्या जागी बसलो. गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट वर उचलून पुढे घेतलेली होती, पेडलवर ठोकळे बसवलेले होते. मालक तिथं मावलेच नसते. मला काउंटरपलीकडचं ते कपाळ आठवलं.

दोघं आल्यावर मी, या वेळी मराठीत, विचारलं की गाडी चालवणार कोण. गृहस्थ लाल झाले. बाई म्हणाल्या, "ह्यांना लायसन्स कुठंय? दर टेस्टला नापास. मित्रांत मात्र गाड्यांचे मोठे जाणकार." कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, मिनीबस बाईंनी वर्षानुवर्षं चालवली होती आणि डावीकडे बसून चालवणार नाही असं बजावलं होतं. म्हणून गृहस्थांनी ती सबंध गाडी बाईंच्या मापाची केली होती.

पुढचं लिहायला मला निवृत्तीनंतरही बरीच वर्षं लागली. तपास बंद करताना शेरा मला लिहायचा होता. ‘गुन्हा घडलेला नाही’ हे सत्य होतं. मी लिहिलं, ‘पुरावा अपुरा.’ आपल्या माणसाला सोडलं असं सहकाऱ्यांनी म्हणू नये, एवढंच कारण. त्या शेऱ्यामुळे पोलिसांच्या यादीत गाडीच्या नंबरापुढे संशयाची खूण राहिली. रस्त्यावरचे कॅमेरे नंबर वाचायचे आणि बाई गाडी घेऊन निघाल्या की गस्तीची गाडी त्यांना थांबवायची. हे माझ्या कानावर आलं होतं. तरी मी शेरा बदलला नाही. खूण पुढे कधीतरी नियमाप्रमाणे निघाली, पण तोवर बाईंनी गाडी चालवणं सोडून चावी काढून ठेवली होती.

यंदा मी त्यांच्या वॉटफर्डजवळच्या पिनरमधल्या घरी जाऊन हे सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि गॅरेजकडे हाक मारली. गृहस्थ हात पुसत आले.

"अहो, ऐकलंत का? हे म्हणतात, तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

"मग मी वेगळं काय सांगत होतो?"

"सांगत होता. पण रस्त्यात थांबवायचे मला. मला वाटायचं, सांगाडा कुठून आणला ते तुम्ही माझ्यापासून लपवताय." मग माझ्याकडे वळून त्या शांतपणे म्हणाल्या, "इतकी वर्षं मी ह्यांच्याबद्दल असा विचार केला. आधी यायचं होतं तुम्ही."

बाईंची नजर आता अधू झाली आहे, लायसन्स त्यांनी परत केलंय. तरी त्या गॅरेजमध्ये गेल्या आणि चालकाच्या जागी बसल्या. पाय पेडलवर बरोबर टेकले. गृहस्थ शेजारी अंग चोरून बसले, त्यांनी इंजिन सुरू करायला सांगितलं. बाईंनी ते मनसोक्त गुरगुरू दिलं. गाडी जागची हलली नाही. दोघांपैकी कुणाला उतरायची घाई दिसली नाही.

तपास अधिकारी शेरा लिहून पुढच्या कामाला लागतो. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला त्या शेऱ्यासोबत राहावं लागतं, त्याच्या घरच्यांनाही. माणसाबद्दल खात्री झाली असेल तर ती स्पष्ट शब्दांत लिहावी. कुणी आपल्यावर पक्षपाताचा आरोप करील, ही भीती त्याच्या खात्यावर टाकू नये. मला हे त्या प्रकरणानं शिकवलं, फार उशिरा.

वॉटफर्ड-पिनरच्या मंडळींपैकी कुणी हे वाचत असेल, तर तपास अधिकारी म्हणून सांगतो: त्या हिरव्या गाडीत चोरीचा एक स्क्रूसुद्धा नव्हता.