काकूंचं फर्निचर

दहिवडीत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंना कुणी रिकामी काडेपेटी फेकलेली खपत नाही. "टाक, टाक! जहागीरदार हायस!" असं म्हणत त्या स्वतःच ती उचलतात. मग काडेपेट्यांचं खणांचं कपाट होतं, टूथपेस्टच्या टोपणांची स्टुलं होतात, आईस्क्रीमच्या काड्यांचा पलंग होतो. गल्लीतल्या प्रत्येक मुलीच्या लग्नात रुखवतावर काकूंचा हा बाहुलीचा संसार मांडलेला असतो.

माझ्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा सांगलीच्या मंडळींनी मोठ्या मनानं कळवलं, "हुंडा नको. फक्त कपाट, पलंग आणि सोफा द्या." वडिलांनी मान डोलावली. मेंढरं विकून त्यांनी मला शिकवलं होतं, आता विकायला काही उरलं नव्हतं. आणि घरातला पहिला पदवीधर म्हणून मी अतिशय सुशिक्षितपणे तोंड मिटून घेतलं.

लग्नाच्या दिवसापर्यंत त्यातलं काहीच जमलं नाही. विहीणबाईंनी रुखवतापाशी उभं राहून सगळ्यांसमोर विचारलं, "फर्निचर कुठं आहे?"

"आवं, तुमच्या म्होरंच हाय की," काकू म्हणाल्या. "कपाट, पलंग, सोफा. तुमच्या मनाच्या मापानं केलंय."

बायकांनी तोंडाला पदर लावले. विहीणबाई लालबुंद झाल्या. वडिलांनी डोळेच मिटले. तेवढ्यात नवरदेवानं तो पलंग तळहातावर उचलून घेतला आणि म्हणाला, "आई, आता टेम्पो सांगायला नको."

अक्षता पडल्यावर मी काकूंचे आभार मानायला गेलो.

"ऱ्हाऊ दे रं," त्या म्हणाल्या. "तू आधी जेवून घे. गप ऱ्हाऊन लय दमला असशील."