वाफेच्या खोलीतला ताप

माझ्या धाकट्या जावेला सगळे भिंगरी म्हणतात. नाव मीच ठेवलं. बाई एका जागी बसलेली मी फक्त तिच्या लग्नाच्या फोटोत पाहिलीय, आणि तिथंही तिचा एक हात हललेला आलाय.

आम्ही दोघी एकाच लाँड्रीत कामाला. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी येतात. धुलाई खाली, इस्त्री वर. इस्त्री म्हणजे घरातली नव्हे, खोलीएवढा लांब तापलेला रूळ. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून ताणायची आणि रुळात सोडायची. एकीचा हात ढिला पडला की चादर तिरकी जाते, चुण्या पडतात, पुन्हा धुवा. म्हणून रीतच पडून गेली होती: ओल्या चादरींचा गाडा रिकामा झाल्याशिवाय जागा सोडायची नाही. लघवीला लागली तरी कळ काढायची. आणि लागूच नये म्हणून पाणी कमी प्यायचं. स्वतःला फार शहाण्या समजायचो आम्ही.

भिंगरीचं पहिलं बाळ सातव्या महिन्यातच आलं आणि राहिलं नाही. त्यावर ज्याला त्याला बोलायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, जिने फार चढली. शेजारीण म्हणाली, नजर लागली. उचलली जीभ लावली टाळ्याला! भिंगरीच्या मनात मात्र पक्कं बसलं की आपलं अंगच बाळाला धरून ठेवत नाही.

दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा तपासणीला मी बरोबर गेले. डॉक्टरीण तरुण होती, पण ऐकून घेणारी. भिंगरीनं तिला सरळच विचारलं, "माझं अंग मुलाला परकं समजतं का हो?"

"थोडं परकं असतंच ते," डॉक्टरीण म्हणाली. "निम्मं बापाचं ना. रोगाशी लढणाऱ्या पेशी एरवी परकं दिसलं की अंगावर धावून जातात. गरोदरपणात त्या आपली वागणूक बदलतात, बाळाला सांभाळून घेतात."

"म्हणजे पाहुणा आला की कुत्र्याला बांधतात, तसं," मी मध्येच तोंड घातलं.

ती हसली. "बांधत नाहीत, ओळख करून देतात. राखण चालूच असते. म्हणून तर कुठं जंतू शिरले की भुंकणं सुरू होतं, आणि त्या गोंधळात कधीकधी गर्भपिशवीला वाटतं की वेळ झाली. अवेळी कळा येतात. पण दर वेळी हेच कारण असतं असं नाही. तुमच्या पहिल्या वेळी काय झालं ते आता सांगता येणार नाही. तुमचं काही चुकलं म्हणून झालं, असं मात्र समजू नका."

लघवीच्या तपासणीत जंतू निघाले. ना जळजळ, ना दुखणं. डॉक्टरिणीनं गोळ्या दिल्या, तक्रार नसली तरी सगळ्या संपवा म्हणाली, पाणी भरपूर प्या, लघवी धरून ठेवू नका. भिंगरीनं शहाण्या मुलीसारखी मान हलवली. आणि घरी येऊन काय केलं? दुखतच नाही तर बाळाच्या अंगात औषध कशाला, म्हणून थोड्या गोळ्या खाऊन बाकीच्या कपड्यांच्या घडीखाली ठेवून दिल्या. कुणाला पत्ता नाही. बाळाच्या काळजीपोटीच केलं हे तिनं, म्हणून तर अजून चिडायला होतं.

सातवा लागला. एका दुपारी आमचा गाडा अर्धा झाला होता आणि चादरीचं तिच्याकडचं टोक ढिलं आलं.

"झोपलीस का गं?"

"नाही ताई, उकडतंय."

उकडतंय! त्या वाफेत कुणाला उकडत नाही? कपाळाला हात लावून तरी काय कळणार, माझा हात आणि तिचं कपाळ दोन्ही एकाच भट्टीतले. पण पुढची चादरही ढिलीच आली. इतकी वर्षं तिच्यासमोर उभी राहतेय मी; ही बाई माझ्याशी भांडत असली तरी चादर ताठ धरते. मी माझं टोक सोडून दिलं. चादर गोळा होऊन रुळात अडकली आणि मुकादम धावत आला.

"अहो, गाडा अर्धा आहे!"

"मग धरा तुम्ही टोक," म्हटलं, आणि भिंगरीला खालच्या गार बोळात नेऊन बसवलं, पाणी पाजलं. थोड्या वेळानं माझे हात गार पडले. तिचं कपाळ काही गार होईना. तेव्हा कुठं तोंड उघडलं तिनं: सकाळपासून पोट मध्येमध्ये दगडासारखं होतंय. आणि गोळ्यांचंही सांगितलं. मी तिला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बोलता बोलताच गाडी बोलावली.

जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले होते. सलाईनमधून औषध सुरू झालं, बाळ लवकर आलंच तर त्याला श्वास घेता यावा म्हणून इंजेक्शन दिलं. माझा दीर बाहेर बाकावर बसून राहिला. ताप उतरला तशा कळाही विरत गेल्या. डॉक्टरीण म्हणाली, वेळेत आणलंत. मला इतकं हायसं वाटलं की मी तिचे हातच धरले.

त्यानंतर आम्ही बायकांनी ठरवलं, जिला जायचंय तिनं जायचं, रूळ थांबेल. मुकादमानं काही दिवस तोंड फुगवलं. मग त्याच्याही लक्षात आलं की चादरी तेवढ्याच निघतात.

भिंगरी घरीच होती. गोळ्या सासूबाई स्वतः समोर उभ्या राहून द्यायच्या. आठवा सरला, नववा भरला. डॉक्टरिणीनं दिलेली तारीख आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी मी डोकावले तर ही पलंगाच्या कडेला बसून रडत होती.

"कळा येतायत का?"

"नाही."

"मग? पाणी गेलं?"

"काहीच होत नाहीये, ताई." तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले. "तारीख उलटली तरी आतच आहे. माझ्या अंगानं धरून ठेवलंय त्याला."

मग मीही तिच्याशेजारी बसले आणि मनसोक्त रडले. दीर दारात येऊन दोघींकडे बघत राहिला, त्याला काही कळेना. त्याच आठवड्यात मुलगी झाली, चांगली भरल्या अंगाची, आणि आल्या आल्या तिनं सगळा वॉर्ड उठवला.