चुकलेल्या प्रश्नांची वही

दुसऱ्यांदा परीक्षेला नाव नोंदवलं तेव्हा माझ्या शेल्फवर चार सरावपुस्तकं होती. चारही सोडवून संपलेली. बरोबर आलेल्या उत्तरापुढे हिरवी खूण, चुकलेल्यापुढे काही नाही; तिथे मागच्या पानावरचं उत्तर बघून, 'हं, हे तर येत होतं' असं म्हणत मी पुढे गेले होते. हिरव्या खुणा भरपूर होत्या. पदव्युत्तर प्रवेशाला लागणाऱ्या गुणांपेक्षा मात्र मला सहा गुण कमी पडले होते.

मी तेव्हा बेंगळुरूच्या एका इंग्रजी दैनिकात डेस्कवर होते. आलेली बातमी तपासायची, कापायची, मथळा द्यायचा. या कामाला बारा वर्षं झाली होती. शिकायला जाण्यासाठी ऑफिसने वर्षभराची बिनपगारी रजा द्यायचं मान्य केलं होतं, हवे ते गुण आले की अर्ज टाकायचा होता, आणि पत्रात एक ओळ घातली होती: रजा याच वर्षी घ्यावी लागेल, पुढे ढकलता येणार नाही. त्यामुळे ही परीक्षा हुकली असती तर रजाही गेली असती आणि शिकणंही.

शिफ्ट दुपारची असल्याने सकाळ मोकळी होती. पण बसवनगुडीतल्या माझ्या खोलीला लागून इमारतीचं काम निघालं आणि फरशी कापायच्या मशीनच्या आवाजात वाचणं अशक्य झालं. खाली घरमालकीण राहायच्या. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथलंच. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही. त्यांनी जेवणाच्या टेबलाचं एक टोक मला दिलं. दुसऱ्या टोकाला त्या अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे, सोलत बसायच्या. भिजलेला दाणा चिमटीत दाबला की साल बोटांत राहते आणि दाणा भांड्यात उडतो. थंडीत या शेंगांचा मोसम असतो. हे काम रोज चालायचं.

अक्का एका सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझं पुस्तक स्वतःकडे ओढलं.

"हे हिरवं हिरवं काय मा?"

"बरोबर आलेली उत्तरं."

"त्याला कशाला खूण? पास झालेला पार्ट गेला गाडीत बसून. चुकलेले कुठं ठेवलीस?"

चुकलेले मी कुठेच ठेवले नव्हते.

"अय्यो! आणि चार पुस्तकं संपवली म्हणून सांगत होतीस मला!"

त्यांच्या विभागात नापास झालेला पार्ट फेकत नसत. तो लाल ट्रेमध्ये जायचा, त्याला चिठ्ठी लागायची, चिठ्ठीवर दोष आणि तो कुठल्या मशीनवर आला हे लिहिलेलं असायचं. अक्कांनी मला एक कोरी वही दिली. नवं पुस्तक आणायचं नाही. चारांतलं एकच घ्यायचं आणि पहिल्यापासून सोडवायचं. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाला एक पान. मी काय उत्तर दिलं, देताना ते बरोबर का वाटलं, आणि घसरले नेमकी कुठे. बरोबर उत्तर वहीत उतरवायचं नाही.

पहिल्या आठवड्यात तिसऱ्या रकान्यात मी जवळजवळ सगळीकडे 'निष्काळजीपणा' असं लिहिलं. अक्कांनी चार पानं उलटली आणि वही बंद केली.

"हे कारण नाही. आमच्या साहेबांपुढे असं लिहून नेलं असतं तर कागद अंगावर आला असता. मशीन कुठलं ते लिही."

"अक्का, घाईत चुकतं कधी कधी. त्याला मशीन कुठून आणू?"

"घाई सगळीकडे होती ना? मग या तीनच ठिकाणी का चुकलं? बाकीच्या वीस ठिकाणी घाई चहाला गेली होती काय?"

मी ती पानं पुन्हा लिहायला घेतली.

दोन आठवड्यांनी वहीत एकोणीस चुकलेले उतारे जमले. ते एका रांगेत वाचले तेव्हा दोष दिसला. उताऱ्याचा मुख्य मुद्दा कोणता, या प्रकारच्या प्रश्नांत माझी जवळजवळ सगळी उत्तरं पहिल्या परिच्छेदातून आली होती. बातमीत महत्त्वाचं ते सगळ्यात वर असतं. जागा कमी पडली की खालून कापतात, म्हणून खाली काही मोलाचं ठेवायचंच नसतं. परीक्षेतले उतारे उलटे चालतात. पहिल्या परिच्छेदात कोणाचं तरी मत मांडायचं आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला 'पण' म्हणून ते पाडायचं. मी त्या 'पण'पर्यंत डोळ्यांनी पोचत होते, मनाने बातमी आधीच छापायला सोडलेली असायची.

गणितातही हेच निघालं. बातमीत आम्ही 'सुमारे' लिहून आकडा सोपा करतो. इथे मी मधल्याच पायरीवर आकडा गोल करत होते, आणि खालचे दोन पर्याय तेवढ्याच फरकाचे असायचे.

हे मी अक्कांना सांगितलं तेव्हा त्यांचे हात थांबले. त्या खूप वेळ हसल्या.

"म्हणजे पेपरातलं खालचं तुम्ही लोक वाचतच नाही? आणि मी मूर्ख, रोज शेवटपर्यंत वाचते!"

"वाचणाऱ्यांत तुम्ही एकट्याच असाल अक्का."

"सरी, आता दोघी झालो. पुढचा उतारा काढ."

उपाय साधा होता आणि कंटाळवाणा होता. प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की बाजूला एक ओळ लिहायची, ती लिहिल्याशिवाय पर्याय झाकून ठेवलेला हात उचलायचा नाही. जुने प्रश्न दहा दिवसांनी पुन्हा करायचे. त्यात एक अडचण आली. उत्तर आठवायचं, प्रश्न न वाचताच 'तिसरा पर्याय' तोंडात यायचा. अक्का म्हणाल्या, मग तिसरा राहू दे, उरलेले चार का नापास ते सांग. ते सांगताना पहिल्या दिवशी मी चारांतल्या तीन पर्यायांवर अडकले. उत्तर पाठ होतं, कारण माहीत नव्हतं.

परीक्षेला बारा दिवस असताना घड्याळ लावून पूर्ण सराव चाचणी दिली. गेल्या वर्षीपेक्षाही चार गुण कमी आले. प्रत्येक परिच्छेदाशी ओळ लिहिता लिहिता शेवटचे सात प्रश्न राहूनच गेले होते. मी फोनवर परीक्षेची नोंदणी रद्द करायचं पान उघडलं.

"राहिलेले सोड," अक्का म्हणाल्या. "केलेल्यांत किती चुकले?"

मोजले. गेल्या वर्षीच्या निम्मे.

"मशीन नीट केल्यावर पहिल्या दिवशी माल कमीच निघतो. चालवत राहायचं. स्वल्प धीर धर."

ते पान मी बंद केलं. पुढचे बारा दिवस नवीन प्रश्न एकही केला नाही. त्याच पुस्तकातले उतारे घड्याळाबरोबर, रोज चार. आठव्या दिवसापासून ओळ कागदावर लिहावी लागेना, वाचतानाच तयार होऊ लागली.

परीक्षा केंद्र रिंग रोडवरच्या एका इमारतीत होतं. शेवटचा प्रश्न संपल्यावर पडद्यावर विचारणा येते: हे गुण ठेवायचे की रद्द करायचे? रद्द केले तर कोणालाच कळत नाहीत, पण निवड गुण बघण्याआधी करावी लागते. गेल्या वर्षी पेपर झकास गेला असं वाटलं होतं आणि मी विचार न करता 'ठेवा' दाबलं होतं. या वेळी झकास वगैरे काही वाटत नव्हतं. कच्च्या कागदावर मी खात्रीचे प्रश्न मोजले, दोन पर्यायांत अडकलेले मोजले, सोडून दिलेले मोजले आणि खाली अंदाजाचा आकडा लिहिला. तो हव्या त्या गुणांच्या दोन वर होता. 'ठेवा' दाबलं. पडद्यावर आलेला आकडा माझ्या अंदाजापेक्षा एकाने जास्त होता.

बाहेर येऊन अक्कांना फोन केला. त्यांनी 'बेश' म्हटलं आणि लगेच, शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात, तेच कन्नडमध्ये दोनदा सांगितलं. मग डेस्कप्रमुखांना कळवलं.

"तीन गुण वर? मग उशीर कशाला? रजेचा अर्ज आत्ताच टाक. उद्यापासून मी गावाला, परत आलो की माझं मन बदललेलं असेल."

बसमध्ये उभ्यानेच फोनवर अर्ज लिहिला. चार ओळींचा होता. बस सिल्क बोर्डच्या चौकात अडकली होती, त्यामुळे पाठवण्याआधी तो दोनदा वाचता आला.