पेरूच्या फुलाची बशी

नीमिया कासेरेसच्या आईने इताउगुआ गावात चाळीस वर्षं न्यांदुती विणली. कोळ्याच्या जाळ्यासारखी ती गोल जाळीदार वीण काढता काढता म्हातारीचे डोळे गेले. लेकीने सुई कधी हातात धरली नाही. ती आसुन्सिओन शहरातल्या एका इस्पितळात जंतू वाढवायच्या काचेच्या बशा भरू लागली. बशाही गोलच.

सव्वीस वर्षं तिने अगार, म्हणजे जंतू ज्यावर वाढतात ती खळ, शिजवला, बशांत ओतला, थिजवला. मग एके दिवशी जंतूंत बुडवलेल्या तारेच्या कडीने तिने त्यावर आईच्या विणीतलं आवडतं पेरूचं फूल काढलं. पाकळ्या लाल जंतूंच्या, मधला भाग पिवळ्यांचा. काढताना काहीच दिसत नाही. नुसता हात चालवायचा आणि रंग वर यायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. आईला सांगितलं तर ती हसून म्हणाली, "मग हे मलाही जमेल की गं."

फूल इतकं देखणं उमटलं, की इस्पितळाच्या प्रदर्शनात ठेवायचं ठरलं. आई येणार होती. आदल्या दिवशी नीमियाने बशीपुढची पाटी वाचली: 'कलाकार: डॉ. विल्फ्रिदो बारेइरो.' म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. चोर निदान लपूनछपून येतो, याने तर चोरीवर स्वतःचं नाव छापलं होतं.

"डॉक्टर, हे फूल माझ्या आईचं आहे."

"नीमियाबाई, तुम्ही फक्त बशा भरता. प्रयोगशाळा माझी, जंतूही तिचेच. घ्या, तेरेरे घ्या." त्यांनी त्या थंड काढ्याचा पेला पुढे केला.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तिने तो पेला घेतला नाही.

सकाळी डॉक्टर धावत आले. "बशी कुठंय?"

"ऑटोक्लेव्हात. वाफेवर उकडली."

"वेड लागलं का तुम्हाला?"

"पाच दिवसांपेक्षा जुनी बशी उकडून टाकायची. भिंतीवर नियम आहे, खाली सही तुमची."

"दुपारी पाहुणे येताहेत. आत्ताच्या आत्ता दुसरी काढा."

"मी फक्त बशा भरते." तिने ताज्या अगाराची बशी आणि कडी त्यांच्यासमोर ठेवली. "कलाकार तुम्ही. काढा. उद्या दिसेल."

डॉक्टर कडी हातात धरून उभेच राहिले. नीमियाने ती कोरी बशी उचलली, प्रदर्शनाच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि त्यांच्या नावाची पाटी तिच्यापुढे नीट सरळ केली. मग ती आईला आणायला बस थांब्यावर गेली.