अझैबाच्या हिरवळीवर बाबांचा बनियन

आम्ही ओमानमधल्या अझैबात कायम वाळूतच फुटबॉल खेळायचो, आणि त्या शुक्रवारी तिथल्या ओमानी पोरांच्या क्लबने आम्हाला त्यांच्या ग्राउंडवर मॅचला बोलावलं! खरं गवत! आमच्याकडे जर्सी नव्हत्या, म्हणून मंडळाने जयंतीला वाटलेले निळे टी-शर्ट घालून गेलो. तर समोरची टीमपण निळी! रेफरी म्हणाला, रंग बदला, नाहीतर मॅच खलास.

आईला फोन केला. "थांब, आज सगळ्यांकडे कपडे धुतलेत," ती म्हणाली. जरा वेळाने बाबा गाडी घेऊन आले, मागच्या सीटवर बिल्डिंगमधल्या सगळ्या काकांचे पांढरे बनियन, अजून ओलसर!

आमच्या गोलकीपरचा तर गुडघ्यापर्यंत आला. "अरे, ही जर्सी आहे का गाऊन?" तो ओरडला. समोरचा कॅप्टन हसून हसून खाली बसला, मग म्हणाला, "यल्ला!" म्हणजे, चला, खेळूया!

शिट्टी वाजली आणि मला असलं हुश्श झालं ना! हरलो आम्ही, पण गवतावर घसरून तर बघितलं. बाबा कडेला उभे राहून ओरडत होते, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून. एक बनियन कमी पडला होता. त्यांच्या अंगातला मी घातला होता.