हाताला हात

देवापुढचं निर्माल्य सकाळी काढलं तरी दुसऱ्या दिवशी परडी पुन्हा भरतेच. पनवेलला आमच्या फिजिओथेरपी सेंटरबाहेर जो बाक आहे ना, त्यावरच्या किश्श्यांचंही तसंच. एक घरी येऊन जाऊबाईंना सांगावा, तोवर दुसरा तयार!

आमचे हे न्हावा शेव्याकडच्या एका यार्डात कामाला. कंटेनरचं दार उजव्या खांद्यावर आदळलं. ऑपरेशन झालं, पण आतला स्नायू नीट जुळला नाही. हात स्वतःच्या ताकदीने छातीच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, "दुसरं ऑपरेशन करू, तोवर व्यायाम सोडू नका." आणि नेमके तेव्हाच मालकाच्या विमा कंपनीने पुढचे सगळे उपचार नाकारले. कारण काय, तर पेशंट 'स्टेबल' आहे!

मी विमा कंपनीच्या साहेबांना फोन लावला. "स्टेबल म्हणजे हो काय?"

"म्हणजे स्थिर, मॅडम."

"अहो, स्थिर लक्ष्मी असावी. हात स्थिर राहून कसं चालेल?"

पुढे फोनच स्थिर झाला!

*

फिजिओच्या मॅडम वयाने माझ्या भाचीएवढ्या. ह्यांनी दारातूनच सांगितलं, "उद्यापासून येत नाही. विम्याने बंद केलंय."

मॅडमनी मानसुद्धा वर केली नाही. "मी कुठे विम्याचा खांदा फिरवत होते? बसा!"

तेव्हापासून माझ्या देव्हाऱ्यात रोज एक फूल त्यांच्या नावाचं असतं.

*

बाकावर आमच्या शेजारी उरणची हिरामावशी. पहाटे मासळी विकायची आणि मग लेकाला घेऊन यायची. बंदरात त्याचा गुडघा चिरडला होता. एकदा विम्याच्या मुलीचा फोन आला, "मुलगा आता चालतो ना?"

"चालतो की! आमची होडी पन चालते. पन आदी चौगांनी ढकलावी लागते, बाय!"

सगळा बाक हसला. लेकही हसला. त्या दिवशी त्याने कुबडी भिंतीला टेकवली आणि दारापर्यंत एकटा गेला. मावशी मात्र तोंड फिरवून पदराने टोपली पुसत बसली, ती कोरडीच होती तरी.

*

सलीमभाई ट्रेलर चालवायचे. माल बांधताना साखळी ओढली आणि कंबर गेली. विमा कंपनीने कळवलं, ही तर 'वयोमानानुसार झीज'.

"भाभी, वय आलं असेल तर अंगभर येईल ना? फक्त कमरेलाच आलं, ते पण ड्युटीवर?"

माझे सोळा सोमवार चालू होते. सोमवारी सलीमभाई चहाचा कप घेऊन गुपचूप बाहेर जायचे. रमजानात मी पिशवीतून पाण्याची बाटली काढत नसे. हे बघून हिरामावशी म्हणाली, "तुमच्या दोगांच्या देवांना सांगा, मिळून त्या कंपनीला एक फोन लावा!"

ह्यांना चिडवायला निमित्तच मिळालं. "देव तरी उचलतो का गं तुझा फोन?"

"उचलतो हो. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं तरी म्हणत नाही!"

*

श्रावणात रोडपालीला नणंदेकडे सत्यनारायण होता. पूजेला आम्ही दोघं बसलो. गुरुजी म्हणाले, "वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा." पूजा जोडीची, म्हणून बायकोने नवऱ्याच्या हाताला नुसतं बोट लावायचं, एवढंच असतं ते. पण आरतीला ह्यांचा हात वर जाईना. निरांजन छातीशीच अडलं, आणि ह्यांचे डोळे भरून आले. मी कोपराखाली तळवा घातला आणि हात उचलला, पार डोक्याच्या वर!

"वहिनी, हात लावायला सांगितला, उचलायला नव्हे!" गुरुजी म्हणाले, आणि घरभर हशा झाला.

कोणीतरी मागून फोटो काढून फेसबुकवर टाकला. समोरच्या डोक्यांआड मी दिसतच नव्हते. दिसत होता फक्त ह्यांचा हात आणि वरती ज्योत.

*

भरपाईच्या अधिकाऱ्यांपुढे सुनावणी होती. ऑपरेशन होणार की नाही, ते तिथेच ठरणार होतं. मागे मॅडम, सलीमभाई, मावशी, सगळा बाकच येऊन बसला होता.

विमा कंपनीच्या वकिलांनी तोच फोटो पुढे ठेवला. "साहेब, हात डोक्याच्या वर आहे. आता ऑपरेशन कशाला?"



साहेबांनी चष्मा लावून फोटो पाहिला. "हात तुमचाच?"

"हो साहेब." सत्यनारायणाच्या फोटोबद्दल हे खोटं कसं बोलणार!

"मग करा बरं तसाच वर."

हे उभे राहिले. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. कपाळावर घाम आला. ह्यांनी वकिलांकडे पाहिलं नाही, साहेबांकडेही नाही. पूजेच्या पाटावरून बघावं तसं मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"अगं, हाताला हात लाव ना."